साठीनंतर: फिरणं की बैठका?

निवृत्तीला आलेले मित्र विचारतात, रोज फिरायला जाऊ की ताकदीचे व्यायाम करू? मी आधी एवढंच विचारतो, जमिनीवरून उठताना हात टेकावा लागतो का?

मी सहा वर्षं रोज सकाळी सारसबागेत पाऊण तास फेऱ्या मारत होतो. दम लागत नव्हता, रक्तदाब आटोक्यात होता, झोपही छान लागायची. पण घरी सत्यनारायण झाला आणि पाटावरून उठायला मला पुतण्याचा हात धरावा लागला. मग लक्षात आलं, सोफ्यावरूनही मी हाताने रेटा देऊनच उठत होतो. हे फार लागलं मनाला. सपाट वाटेवर चालताना मांडीच्या स्नायूंवर तेवढा भारच येत नाही आणि वयाबरोबर ते झडत जातात. उद्या न्हाणीघरात पाय घसरला तर सावरायचं ते त्यांच्याच जोरावर.

तेव्हापासून बैठका धरल्या. तालमीतल्या नव्हेत, खुर्चीच्या. हात छातीशी दुमडून उठायचं, सावकाश बसायचं, दहा-दहाच्या तीन फेऱ्या. शिवाय भिंतीला हात टेकून जोर आणि दोन-दोन किलोची डंबेल्स. आठवड्यातून तीनदा, वीस मिनिटं. चौथ्या महिन्यात मी चटईवरून हात न टेकता उठलो. बाकी मोजमाप माझ्याकडे नाही.

फिरण्याला कमी लेखत नाही. हृदयासाठी, मन रमण्यासाठी ते हवंच. जेवणानंतरच्या शतपावलीने साखर कमी चढते, ते काम सकाळच्या बैठका करणार नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेचा 2020 चा सल्लाही दोन्ही करा असाच आहे: पासष्टीपुढे आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल, किमान दोन दिवस स्नायूंचे व्यायाम आणि तीन दिवस तोल सांभाळण्याचा सराव. तोलासाठी मी ओट्याला धरून एका पायावर उभा राहतो, चहा उकळेपर्यंत.

गुडघे फार दुखत असतील किंवा रक्तदाब चढा असेल, तर बैठकांआधी डॉक्टरांना विचारलेलं बरं. उठताना श्वास मात्र कोंडू नका, त्याने रक्तदाब एकदम चढतो. तुमचं शरीर वेगळं असेल, त्यामुळे माझं तेच खरं असं म्हणणार नाही. पण एखाद्या सकाळी वेळ कमी पडला, तर मी बागेची फेरी सोडतो, खुर्ची नाही.