डेबियन 12, नऊ महिन्यांनंतर: घोडं अडलं ते /बूटमध्ये

डेबियन ही लिनक्सवर चालणारी ऑपरेटिंग सिस्टिम वापरण्याचा हा अनुभव मी आठ महिने झाल्यावरच लिहायला घेतला होता आणि त्यात अपडेट्सचं नुसतं कौतुक होतं. स्टेबल, म्हणजे स्थिर शाखेत ऊठसूट नव्या आवृत्त्या येऊन पडत नाहीत, येतात त्या मुख्यतः सुरक्षेच्या आणि गंभीर चुकांच्या दुरुस्त्या. एपीटी हे सॉफ्टवेअरची पॅकेजेस आणणारं साधन; 'एपीटी अपडेट'ने याद्या ताज्या करायच्या, 'एपीटी अपग्रेड'ने पॅकेजेस बसवायची, की आपण आपल्या कामाला मोकळे. मग एका रात्री नवा कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, आला आणि सगळंच अडकलं.

शेवटची ओळ होती: 'सब-प्रोसेस /यूएसआर/बिन/डीपीकेजी रिटर्न्ड ॲन एरर कोड (1)'. डीपीकेजी म्हणजे एपीटीच्या आतून पॅकेजेस प्रत्यक्ष बसवणारं साधन, पण या ओळीतून काही म्हणजे काही कळत नाही, तरी दोन रात्री मी तीच शोधत बसलो. त्यानंतर काहीही इन्स्टॉल करायला जा, अगदी एखादा मराठी फॉन्ट, शेवट त्याच ओळीवर. एका जाणकार मित्राने फोनवरच निकाल दिला, "सरळ फॉरमॅट मार." मला ते पटेना. चांगलं चालतं मशीन पुसायचं, दोन दिवस घालवायचे आणि मूळ कारण तसंच ठेवायचं?

कारण सापडलं ते '/व्हार/लॉग/एपीटी'मधल्या 'टर्म.लॉग' फाइलमध्ये. खालून वर जात पहिली एरर गाठली: 'नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस'. डिस्कवर 60 जीबी रिकामे असताना हे वाचून आधी चिडच आली. कुठे किती जागा भरलीय ते दाखवणारं 'डीएफ -एच' मारलं तेव्हा उलगडा झाला. बाकी सगळं निम्म्याच्या आसपास, फक्त /बूटसमोर, म्हणजे मशीन सुरू होताना लागणाऱ्या फाइलींच्या जागेसमोर, 100 टक्के.

माझी डिस्क एन्क्रिप्टेड आहे. कुलूप उघडण्याआधी कर्नल वाचता यावा म्हणून /बूटचं पार्टिशन वेगळं आणि उघडं ठेवलेलं. जुन्या इन्स्टॉलेशनपासून चालत आलेलं, जेमतेम 500 एमबीचं. प्रत्येक कर्नलसोबत तिथे त्याची इनिटरॅमएफएस फाइल (सुरुवातीला लागणाऱ्या ड्रायव्हरांचं गाठोडं) तयार होते, आणि जागा खरी खाते ती हीच. माझ्याकडे दोन जुने कर्नल होते, तिसरा आला आणि त्याची फाइल अर्ध्यातच तुटली. पॅकेज अर्धवट राहिलं, म्हणून डीपीकेजी दर वेळी आधी तेच पूर्ण करायला जायचं आणि तिथेच आपटायचं.

इथे माझं मत बदललं: चूक अपडेट्सची नव्हती, माझी होती. एपीटी महिनोन्‌महिने सांगत होतं की अमुक पॅकेजेस आता लागत नाहीत, 'एपीटी ऑटोरिमूव्ह' चालवा. ती ओळ मी दर वेळी वाचली आणि सोडून दिली.

'यूनेम -आर'ने चालू कर्नल कोणता ते पाहिलं, 'डीपीकेजी -एल'मधून सगळ्यात जुना शोधून पर्ज केला, म्हणजे पूर्ण काढून टाकला, मग अर्धवट पॅकेजेस पूर्ण करणारं 'डीपीकेजी --कॉन्फिगर -ए'. पाच मिनिटांचं काम. तोवर मशीन रीस्टार्ट केलं नव्हतं हे फार बरं झालं. /बूटमधल्या फाइली हाताने उडवा, एका वेळी दोन इन्स्टॉल होऊ नयेत म्हणून असलेली लॉक फाइल डिलीट करा, असे सल्लेही मिळाले. दोन्ही करू नका. फाइली उडवल्या तरी डीपीकेजीच्या नोंदीत ते पॅकेज तसंच राहतं, आणि दुसरं काही इन्स्टॉल होत असताना लॉक काढलं तर ती नोंदच बिघडू शकते.

पण पुढच्या कर्नलला पुन्हा हेच झालं असतं. म्हणून '/ईटीसी/इनिटरॅमएफएस-टूल्स/इनिटरॅमएफएस.कॉन्फ' उघडून 'मॉड्यूल्स=मोस्ट'चं 'मॉड्यूल्स=डेप' केलं आणि 'अपडेट-इनिटरॅमएफएस -यू' चालवलं. आता त्या फाइलमध्ये फक्त या मशीनला लागणारे ड्रायव्हर जातात आणि तिचा आकार निम्म्याहून खाली आला. तोटा एकच: ही डिस्क काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला लावली तर बूट होईलच असं नाही. मला ती हलवायची नाही, त्यामुळे एक पैसा न घालवता जागा मिळाली.

खरी अडचण पुढे आहे. डेबियन 13, म्हणजे ट्रिक्सी, 9 ऑगस्ट 2025 ला आलं. त्याच्या रिलीज नोट्समध्ये अपग्रेडआधी /बूट किमान 768 एमबीचं असावं आणि त्यात 300 एमबीच्या आसपास मोकळे असावेत, असं स्पष्ट लिहिलंय. माझ्याकडे मोकळे आहेत, पण पार्टिशनच लहान. ते वाढवायचं तर शेजारचं एन्क्रिप्टेड पार्टिशन आकसून सरकवावं लागेल, आणि पूर्ण बॅकअप झाल्याशिवाय मी त्याला हात लावणार नाही. बॅकअप सध्या चालू आहे. तोपर्यंत 12 वरच आहे, आणि दर अपग्रेडनंतर ऑटोरिमूव्ह आणि 'डीएफ -एच /बूट' न चुकता.