थेंबामागे ३,००० रुपये

आईच्या गुडघ्यातून १९ थेंब काढले. थेंबाला ३,००० प्रमाणे ५७,००० रुपये रोख.

आईचं वय ७६. उजवा गुडघा रात्रीतून टम्म सुजला, हात लावावा तर गरम. रक्तात युरिक अ‍ॅसिड वाढलेलं, ७.४ आलं आणि आम्ही घरीच ठरवून टाकलं, गाऊट, म्हणजे युरिक अ‍ॅसिडचे स्फटिक सांध्यात साचून होणारा संधिवात! डाळी बंद. रिपोर्ट हातात घेऊन ती मेडिकलबाहेर लंगडत उभी होती, तेवढ्यात एक सभ्य पोरगा आला. ‘काकू, माझ्या आईचं अगदी अस्संच होतं हो. आता जिने चढते.’ दुसऱ्या दिवशी त्याचा ‘डॉक्टर’ घरी हजर. मी ऑफिसात.

ब्लेडने बारीक चिरा, त्यावर पितळी नळी, तोंडाने ओढायचं आणि पिवळा चिकट थेंब कापसावर. ‘बघा, युरिक अ‍ॅसिड!’ आधी म्हणाला होता, पाच-सहा निघतील. मोजायला मात्र बाबांनाच बसवलं. कॅलेंडरच्या पाठीवर त्यांनी ओढलेल्या १९ रेघा मी नंतर पाहिल्या.

दोन दिवसांनी ताप. संधिवाताच्या डॉक्टरांनी चिरा बघितल्या आणि आधी सांध्यात पू झाला नाही ना, ही शंका घेतली. सुईने गुडघ्यातलं गढूळ पाणी काढून, आमच्यासमोर बाटलीवर नाव घालून लॅबला पाठवलं. जंतू निघाले नाहीत. निघाले ते कॅल्शियम पायरोफॉस्फेटचे चौकटच्या आकाराचे स्फटिक, तेही खास सूक्ष्मदर्शकाखाली. गाऊटचे सुईसारखे असतात, ते नव्हतेच. एक्स-रेत कूर्चेत पुसट पांढरी रेघ. म्हणजे स्यूडोगाऊट. उतारवयात गुडघा, मनगट धरणारा. युरिक अ‍ॅसिडशी त्याचं काही देणंघेणं नाही. ते वाढलं होतं बहुधा बीपीसाठीच्या लघवीच्या गोळीने. आणि गंमत म्हणजे खरा गाऊट भडकलेला असतानाही रक्तात ते नॉर्मल येऊ शकतं! आमच्या डाळी उगाच बंद.

मेडिकल, बाग, बँक, कुठेही कोणी चालणं बघून जवळ आला आणि स्वतःच्या आईचे गुडघे सांगू लागला, तर नंबर घेऊ नका. म्हाताऱ्यांना घरी आजच सांगून ठेवा.

मी पोलिसांत गेलो. त्यांनी विचारलं, कापूस ठेवलाय का? तो त्याने जाताना आठवणीने पिशवीत भरून नेला होता.