प्रत्येक पायरीपुढे कारण मागणारी गणिताची सराव पुस्तिका

जूनमध्ये अप्पा बळवंत चौकात आठवीची पुस्तके घेताना, मुलीला पदावल्या आणि समीकरणे अजून नीट जमत नाहीत असे सांगितल्यावर, दुकानदारांनी दीडशे रुपयांची एक सराव पुस्तिका पुढे केली. गेले तीन महिने आम्ही दोघी रोज संध्याकाळी तिच्यातील चार-पाच उदाहरणे सोडवतो. पानाचे उभे दोन भाग केलेले आहेत. डावीकडे पायरी लिहायची आणि उजवीकडे ती पायरी का घेतली, हे लिहायचे. पुस्तिकेचे खरे मोल या उजव्या रकान्यात आहे.

२० − ८ + ५ या पदावलीचे उत्तर मुलीने ७ काढले होते. ‘कंचेभागुबेव’ (कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी) हा क्रम पाठ असल्यामुळे बेरीज आधी, वजाबाकी नंतर, असे तिने धरले आणि ८ व ५ मिळवून १३ वजा केले. बेरीज आणि वजाबाकी यांचा दर्जा सारखा असतो, त्या डावीकडून उजवीकडे क्रमाने करायच्या असतात आणि म्हणून उत्तर १७ येते, ही गोष्ट मी शाळेत असताना मलाही कोणी स्पष्ट करून सांगितली नव्हती. पुस्तिकेने यासाठी पूर्ण दोन पाने दिली आहेत, आणि ती योग्यच आहेत.

समीकरणांतही हीच शिस्त आहे. ‘पलीकडे नेले की चिन्ह बदलते’ एवढ्यावर न थांबता, दोन्ही बाजूंतून समान संख्या वजा केली, असे लिहून घेतले जाते. ५क्ष − २(क्ष − ३) = २१ सोडवताना मुलीने कंस उघडून −६ लिहिले आणि क्ष = ९ काढले; ताळा करताना डावी बाजू ३३ आली, तेव्हा −२ ने −३ लाही गुणायचे असते हे तिचे तिलाच सापडले. +६ लिहिल्यावर क्ष = ५ आले आणि ताळाही जुळला.

अपूर्णांकांच्या प्रकरणाने मात्र निराशा केली. क्ष/२ + क्ष/३ = १० यानंतर थेट ५क्ष = ६० छापले आहे. छेदांचा लसावि ६ घेतला, प्रत्येक पदाला ६ ने गुणले, त्यात उजवीकडचे १० सुद्धा आले, यातले काहीच नाही; आणि नेमके ते १० गुणायचे राहून ५क्ष = १० करणारी मुले पुष्कळ असतात. जिथे हात धरायला हवा होता तिथेच पायऱ्या गाळल्या आहेत. कागद पातळ आहे, शाईचे पेन मागे उमटते, पेन्सिल वापरावी.

अपूर्णांकांच्या त्या पानाच्या समासात सुटलेल्या पायऱ्या मी हाताने लिहून ठेवल्या आहेत. प्रकाशकांनी पुढील आवृत्तीत तेवढ्या ओळी वाढवल्या, तर धाकट्यासाठीही मी हीच पुस्तिका घेईन.