रंगाखालचं छिद्र पकडणारं यंत्र: आठ महिने वापरून

रंगवलेले पत्रे तपासणं हे माझं रोजचं काम. त्यासाठी आठ महिन्यांपूर्वी इम्पिडन्स (बदलत्या विजेला होणारा अडथळा) मोजणारा छोटा पोटेन्शिओस्टॅट, म्हणजे ठरावीक व्होल्टेज देऊन प्रवाह मोजणारं यंत्र, घेतला. थरातले दोष शोधायचे असतील तर बिनधास्त घ्या. निर्दोष थराचे आकडे मात्र त्याच्या भरवशावर अहवालात लिहू नका.

पहिल्याच आठवड्यात त्याने माझा विश्वास मिळवला. इपॉक्सीचे दोन पत्रे, एकाच दिवशी रंगवलेले, नुसत्या डोळ्यांना अगदी सारखे. प्रत्येकाचा १० चौरस सेंटिमीटर भाग ३.५ टक्के मिठाच्या पाण्याखाली ठेवला, १० मिलिव्होल्टचा विजेचा तरंग दिला आणि वारंवारतेत १०० किलोहर्ट्झपासून १० मिलिहर्ट्झपर्यंत उतरले. एकाच्या इम्पिडन्सची रेघ शेवटपर्यंत चढत गेली. दुसऱ्याची काही हर्ट्झला वाकली आणि १० लाख ओहमवर आडवी झाली. धातू आणि पाणी भेटतात तिथली धारिता (विद्युतभार साठवण्याची क्षमता) निघाली ०.०२ मायक्रोफॅरड. उघड्या पोलादाला चौरस सेंटिमीटरमागे साधारण २० धरतात, म्हणजे पाणी जेमतेम ०.१ चौरस मिलिमीटर धातूला लागलेलं! चौथ्या दिवशी पत्र्यावर मोहरीहून लहान तांबूस ठिपका उमटला.

चांगल्या थरावर मात्र यंत्र थकतं. इम्पिडन्स १० अब्ज ओहमला पोचला की १० मिलिव्होल्टला प्रवाह उरतो १ पिकोअँपिअर. शंका आली म्हणून सेल (पत्रा आणि त्यावरचं मिठाचं पाणी) न जोडता, केबल मोकळ्या ठेवून मोजलं, तर कमी वारंवारतेच्या टोकाला चांगल्या थरावर दिसायची तीच बिंदूंची विस्कटलेली रांग. मी ज्याला रंगाचा गुण समजत होते, ती यंत्राची मर्यादा होती. माहितीपत्रकात हा आलेख पहिल्या पानावर हवा होता. फॅरडे पिंजराही (बाहेरचा विद्युत गोंगाट अडवणारी धातूची पेटी) सोबत येत नाही, आणि त्याशिवाय अशी मोजणी करूच नये. अखंड थराला मी आता ५० मिलिव्होल्ट देते. छिद्र असलेल्याला १० च, कारण तिथे उघड्या धातूची प्रतिक्रिया सरळ रेषेत राहत नाही.

सॉफ्टवेअरवर माझा खरा राग आहे. कुठलाही आलेख द्या, ते आपणहून त्यावर दोन कमानींचं सर्किट (एक कमान थराची, एक छिद्रातल्या धातूची) बसवतं. छिद्र नसलेल्या पत्र्यालाही छिद्राचा रोध काढून देतं, तोही तीन दशांश स्थळांपर्यंत. नवख्या माणसाची यात दिशाभूल होते. सर्किट हाताने निवडा.

तिसऱ्या महिन्यात केबलची क्लिप ढिली पडली आणि विक्रेत्याने बदली द्यायला सहा आठवडे लावले. तेव्हापासून रोज सकाळी आधी डमी सेल (आकडे आधीच माहीत असलेलं तपासणीचं सर्किट) लावून बघते, मगच पत्रा.