अफरवटच्या बर्फात मेरिनो लोकरीचा आतला थर

गुलमर्गच्या गोंडोलाचा, म्हणजे केबल कारचा, दुसरा टप्पा अफरवट पर्वताच्या खांद्यावर, सुमारे ३,९५० मीटर उंचीवर सोडतो. तिथून आखलेल्या उतारांपलीकडे स्नोबोर्डिंग करायचे, तर जाकिटापेक्षाही अंगालगतचा कपडा महत्त्वाचा ठरतो, असे पाच दिवसांच्या वापरानंतर माझे ठाम मत झाले आहे. मी वापरलेला सदरा आणि विजार शुद्ध मेरिनो लोकरीचे असून कापडाचे वजन प्रति चौरस मीटर २५० ग्रॅम आहे.

स्प्लिटबोर्डचे, म्हणजे उभा दुभागता येणाऱ्या स्नोबोर्डचे, दोन भाग स्कीसारखे पायांना बांधून चढताना घाम येतोच. सुती बनियन अशा वेळी भिजते आणि थांबताक्षणी अंग गारठवते. लोकरीचा तंतू मात्र स्वतःच्या वजनाच्या जवळपास ३० टक्के बाष्प शोषूनही ओला लागत नाही, आणि माथ्यावर बोचऱ्या वाऱ्यात बोर्ड पुन्हा जोडत असताना हा फरक मला फार दिलासा देऊन गेला. अर्थात चढताना फुगीर जाकीट पिशवीत ठेवावे आणि थांबताच, थंडी वाजण्याची वाट न पाहता, अंगावर चढवावे. अन्यथा कोणताही आतला थर पुरा पडणार नाही. हिमस्खलनात शोध घेण्यासाठीचा ट्रान्सीव्हर या सदऱ्यावर, पण जाकिटाच्या आत, व्यवस्थित बसतो.

पाठपिशवीच्या पट्ट्याखाली मात्र कापड तिसऱ्याच दिवशी विरले, आणि या किमतीला ते मला पटले नाही. धुतल्यावर बुखारीच्या, म्हणजे खोली उबदार ठेवणाऱ्या लाकडाच्या शेगडीच्या, उबेतही सदरा सकाळपर्यंत पूर्ण वाळत नाही, म्हणून दोन जोड सोबत असावेत.