तोमानिवी की दे व्हो?

फिजीत समुद्राकडे पाठ फिरवून एखादा जंगली माथा गाठायचा म्हटलं, की प्रश्न बहुतेक या दोघांपाशी येऊन अडतो: व्हिती लेवू या मुख्य बेटावरचा तोमानिवी की तावेउनी बेटावरचं दे व्हो? मी दोन्ही केलेत.

तोमानिवी 1,324 मीटर, अख्ख्या फिजीत सर्वांत उंच. कळसूबाई 1,646 मीटर, त्यामुळे आपला ट्रेकर आकडा ऐकून हसतो. हसू द्या. नवाई गावात आधी सेवुसेवू: यांगोनाच्या (म्हणजे कावाच्या) मुळ्या गावच्या प्रमुखापुढे ठेवायच्या, डोक्यावरची टोपी काढायची, मग वाटाड्या सोबत येतो. हा भाग मला मनापासून आवडला. 'देशातलं सर्वोच्च' खात्यावर हवंच असेल, तर प्रश्नच मिटला.

माझं मात्र चिखलापाशी फिसकटलं. वरचा टप्पा वळसे घेत नाही, सरळ अंगावर येतो. दोन्ही हात मुळांना, नजर बुटांच्या टोकाशी. सोलच्या खाचा चिखलाने बुजल्या की बूट असून नसल्यासारखे. आजूबाजूला नेचे, शेवाळाने लगडलेली खोडं, सगळं असतं. पण मान वर केली की पाय सटकलाच. जंगल बघायला जायचं आणि दिवसभर स्वतःचे पाय बघायचे! वर पोचलो तर ढग.

दे व्हो 1,195 मीटर. तावेउनीतसुद्धा तो पहिला नाही, उलुइगालाउ 1,241 मीटर आहे. माथ्यावर टेलिकॉमचे मनोरे, तिथवर जीपचा कच्चा रस्ता. ऐकूनच उत्साह जातो, कबूल. पण रस्ता आहे म्हणूनच मान वर ठेवून चालता येतं. जीपने वर जायचं, उतरायचं पायी. जीभ टाळ्याला लावून काढल्यासारखा 'टक्' आवाज आला की थांबायचं. नारंगी कबुतराचा नर असतो, भडक नारंगी, डोकं हिरवट. मादी हिरवी, पानांत सापडणं कठीण. ढग फाटलेच तर खाली तांगीमाउथियाचं तळं दिसतं. त्याच नावाचं लाल-पांढरं फूल साधारण ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये फुलतं.

तावेउनीला जायला वेगळं विमान किंवा बोट, वर जीपचं भाडं. खिशाला चाट बसते. मुक्काम व्हिती लेवूवरच्या नांदी शहरातच असेल तर तोमानिवीच सोयीचा पडेल, नाही म्हणत नाही. पण एकच होणार असेल, तर मी दे व्होकडे झुकेन. जीप आदल्या दिवशीच ठरवा, आणि पहाटेची. भाड्याची घासाघीस बऱ्याचदा हिंदीत जमते, जीपवाल्यांच्या फिजी हिंदीत.