अल्माटी की बिश्केक: मुक्काम कुठे करावा?

कझाकस्तानातलं अल्माटी आणि किर्गिझस्तानातलं बिश्केक. दोन्ही शहरं तिएन-शान पर्वतरांगेच्या पायथ्याशी, दोन्हीकडे दक्षिणेला बर्फाचे डोंगर. मध्ये कोर्दायची सीमा आणि रस्त्याने चारेक तासांचं अंतर. त्यामुळे ‘दोन्ही करू’ असं वाटतंच. पण आठवडाच हाताशी असेल आणि बरोबर वयस्कर माणसं असतील, तर एकच निवडा. आम्ही आईला घेऊन गेलो होतो, आधी बिश्केकला.

बिश्केक मला आवडलं. खर्च कमी, झाडी भरपूर, ओश बाजारात तंदूरचा गरम नान. अडचण आली ती डोंगरापाशी पोहोचताना. आला-आर्चा राष्ट्रीय उद्यान शहरापासून जेमतेम ४० किलोमीटर, पण आम्ही गेलो तेव्हा मार्शरुत्का (ठरलेल्या मार्गावरची मिनीबस) फाटकाच्या आसपासच सोडायची आणि पायवाट तिथून आणखी दहा-बारा किलोमीटर आत. म्हणजे टॅक्सी आली. जाताना ठरलेला भाव परतताना बदलला. रशियन येत नाही, दिवस मावळतोय, आई दमलेली. मागितले तेवढे पैसे दिले. त्या संध्याकाळी आमचं मत ठरलं.

अल्माटीत हा प्रश्न आलाच नाही. शहराच्या मध्यातून १२ नंबरची बस पकडली आणि थेट मेदेऊला उतरलो. तिथलं बर्फावरचं स्केटिंगचं मैदान १,६९१ मीटरवर आहे. त्याच्या वर चिखलाचे लोंढे अडवणारा बांध आहे. १९७३ साली त्याने शहर वाचवलं. मेदेऊहूनच केबल कार शिंबुलाक या स्कीइंगच्या ठिकाणी जाते आणि पुढे टप्प्याटप्प्याने तळगार खिंडीपर्यंत, सुमारे ३,२०० मीटरवर. गुडघेदुखीमुळे सिंहगड सोडलेली माझी आई तिथे बर्फात उभी राहिली. वर वारा बोचरा आणि हवा विरळ, तेव्हा घाई करू नका.

शाकाहाराचं दोन्हीकडे अवघडच. तरी अल्माटीच्या हिरव्या बाजारात कोरियन बायकांचे ठेले शोधा. १९३७ साली स्टालिनने सोव्हिएत अतिपूर्वेतून इकडे हलवलेल्या कोरियन लोकांची ही पुढची पिढी. त्यांची लसूण घातलेली गाजराची तिखट कोशिंबीर आणि नान, एवढ्यावर आईचं दोन दिवस भागलं.

हिवाळ्यात अल्माटीवर धुराचा थर बसतो हे खरं. बिश्केकही त्यातून सुटत नाही. आणि तुम्ही पाठीवर सॅक टाकून हिमनदीपर्यंत चढणारे असाल, तर आला-आर्चातली अक-साईची वाट कदाचित जास्त आवडेल. बाकीच्यांनी, मला वाटतं, अल्माटीतच राहावं. शक्यतो सप्टेंबरात.